झाडपाल्याचंच तर आहे

रंगाऱ्याला बाजारात सगळे 'कुलूप' म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यालाही ते आवडायचं. सुताच्या लडी रंगवण्याचा त्याचा कारखाना गल्लीच्या टोकाला होता. पुढे वाफेने भरलेली लांब खोली आणि तिच्यात हौद, मागे वाळवणाची शेड, आणि मधे एवढीशी एक खोली, जिला तो आत असला की आतून कडी, बाहेर असला की कुलूप. त्या खोलीत तो रंग मोजायचा आणि कालवायचा. तिथे ना बायकोला प्रवेश, ना लेकीला. बादली घेऊन बाहेर यायचा तेव्हा चेहरा असा निर्विकार, की बघणाऱ्याला वाटावं आत नुसतं पाणी आहे.

त्याच्याकडे लांबून लांबून सूत यायचं ते एका किरमिजी रंगासाठी. जुन्या गालिच्याची डागडुजी करायची तर जुन्यासारखाच किरमिजी लागतो, आणि तो याच्याशिवाय कुणाच्या हातून उतरत नाही, अशी त्याची ख्याती. ती कृती त्याला बापाकडून मिळाली होती, बापाला त्याच्या बापाकडून. कागदावर एक अक्षर नाही. सगळं डोक्यात. "कागद चोरता येतो," तो म्हणायचा, "डोकं चोरून दाखवा!"

डोक्यातलं आपोआपही जातं, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

रंगारीण लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासऱ्याने तिला पहिला धडा दिला तो हा: हौदात काय घातलं असं कुणीही विचारलं, तर म्हणायचं, 'मला काय ठाऊक.' मग ती व्यापाऱ्यांना तेच म्हणाली, सोयऱ्यांना तेच म्हणाली, आणि गटारात लाल पाणी कुठून येतं म्हणून चौकशीला आलेल्या साहेबालाही तेच म्हणाली. तो बिचारा मान डोलावत निघून गेला. हे उत्तर तिच्या जिभेवर इतकं बसलं, की शेजारणीने सहज विचारलं, 'आज काय केलंय जेवायला?' तरी तिच्या तोंडून तेच निघायचं. शेजारीण हसायची, ही पण हसायची. पुढे या उत्तराने काय दिवस दाखवले ते बघता त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण माणसाला पुढचं कुठे दिसतं!

दोघांना एकच लेक. ती रांगती असल्यापासून हौदाभोवती वाढली. शाळा संपवून आली ती थेट दांडा हातात घेऊन उभी राहिली. उकळत्या हौदातल्या लडी दांड्यावर फिरवत ठेवणं हे मनगट मोडणारं काम. ते तिने बापापेक्षा सरस केलं. लग्न झालं, मोडलं, परत आली, पुन्हा दांडा धरला. पण मधल्या खोलीची कडी तिच्यासाठीही उघडली नाही.

"बाबा, तो किरमिजी काय वर जाताना बरोबर नेणार आहात?" ती विचारायची.

"वेळ आली की सांगीन," तो म्हणायचा. "घाई कसली? मी कुठे पळून चाललोय?"

रंगाऱ्याचं हृदय काही वर्षांपूर्वी बिघडलं होतं. ठोके ताल सोडून पडायचे. तेव्हापासून त्याला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज होती, आणि ठरावीक दिवसांनी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यायचं होतं. तो ते इमानेइतबारे करायचा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सडेतोड. "रक्त जाड झालं तर गुठळी, फार पातळ झालं तर रक्तस्राव. मधली वाट सोडायची नाही," त्या बजावायच्या. रंगाऱ्याला हे पटकन समजलं होतं. हौदाचंही तसंच असतं.

पहिली चूक रंगारणीलाच दिसली. ती मागच्या नळाखाली रंगवलेल्या लडी खळबळत होती. पहिल्या पाण्यात थोडा रंग सुटतोच. दुसऱ्यात सुटला. तिसऱ्यातही पाणी लालभडक. चौथ्या पाण्याला तिच्या हातातली लड फिक्कट गुलाबी होऊन बसली, आणि सगळा किरमिजी गटाराला लागला. सूत रंगवण्याआधी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे रंग त्याला धरून राहतो. हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. रंगारी ते विसरला होता.

"सूतच भिकार पाठवलंय," तो म्हणाला.

"सूत नेहमीचंच आहे," लेक म्हणाली. "तुरटी राहिली, बाबा."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुढे बोलली नाही. पण रंगारणीने त्याच्या डोळ्यांत राग पाहिला नाही, भीती पाहिली. इतक्या वर्षांत तिने ती कधी पाहिली नव्हती.

मग विसरण्याला सुरुवातच झाली. चष्मा, किल्ली, गिऱ्हाइकाचा निरोप. बोलता बोलता शब्द अडायचा. पायाला मुंग्या येतात म्हणून तो कुरकुरायचा, जेवण जात नाही म्हणायचा. एकदा मधल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. रंगारणीने दार ठोठावलं. कडी काढून तो दारात उभा राहिला. हातात रिकामी बादली.

"किती घालायचं ते..." तो म्हणाला आणि थांबला.

"अहो, लेकीला सांगून टाका ना आता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दोघांच्या डोक्यात राहील. एक विसरला तर दुसरा आहे."

"म्हणजे मी संपलो असं बाजाराला कळवू?" तो एकदम तडकला. "कुलपाची किल्ली हरवली असं लोकांनी म्हणावं?"

तिने विषय तिथेच सोडला. आणि त्याच आठवड्यात नणंद आली.

ही नणंद म्हणजे रंगाऱ्याची थोरली बहीण. अंगाने भरलेली, मनाने त्याहून. कुणाचं काही दुखलंखुपलं की हिच्या पिशवीतून त्यावरचं काहीतरी निघणारच. लोक उपदेश देतात. ही औषध देऊन वर उपदेश फुकट द्यायची. भावाचा चेहरा पाहून ती समजायचं ते समजली आणि तिने एक हिरवी बाटली काढली.

"स्मरणशक्तीच्या गोळ्या. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क आहे. हजारो वर्षांचं झाड! मी किती दिवस घेतेय. मला बघ, सगळं आठवतं."

"तुम्हाला तर नको ते पण आठवतं, वन्सं," रंगारीण म्हणाली. नणंदेने तिच्या लग्नातला मानपानाचा किस्सा नुकताच नव्याने सांगून संपवला होता.

सगळे हसले. रंगारीही हसला. रंगारणीने मात्र बाटली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "वन्सं, यांची हृदयाची गोळी चालू आहे. डॉक्टरीणबाईंना विचारून..."

"अगं, डॉक्टरला काय विचारायचं? झाडपाल्याचंच तर आहे!" नणंद म्हणाली. "पानं खाऊन कुणाचं वाईट झालंय?"

आता बघा, ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडांची मुळं, साली आणि रंग देणारे किडे उकळून पोटं भरली, जिथे एक चिमूट इकडेतिकडे झाली तर अख्खा हौद फुकट जातो, त्या घराने तरी हे बोलणं ऐकून घ्यायला नको होतं. झाडपाल्यात जोर असतो म्हणून तर यांचं दुकान चालत होतं. पण माणसाला भीतीने घेरलं की तो आपलं शहाणपण खुंटीला टांगतो. रंगाऱ्याने बाटली घेतली आणि बायकोला बजावलं, "हे कुणाला कळता कामा नये. लेकीलाही नाही."

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला गुण आल्यासारखं वाटलं. तो सकाळी ताजातवाना उठायचा. किल्ली सापडायची. दोन हौद बिनचूक उतरले. गोळीचा गुण होता, की आपण काहीतरी करतोय या दिलाशाने त्याला झोप लागत होती, ते कोण सांगणार? रंगारणीला मात्र वाटलं, चला, संकट टळलं. तिने नणंदेला मनातल्या मनात दुवाही दिला.

पण संकट टळलं असं वाटणं हेच मोठं संकट होतं. लेकीला सांगायचा विषय पुन्हा मागे पडला. "येतंय सगळं लक्षात," तो म्हणायचा. "या मोसमाचा माल जाऊ दे, मग बघू." पुन्हा शब्द अडायला लागले तेव्हा त्याने रंगाऱ्याचाच उपाय केला. एका बुडीत रंग चढला नाही तर दुसरी बुडी द्यायची. एका गोळीच्या दोन झाल्या.

दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे डाग दिसायला लागले. कुठे आपटलं तेही त्याला आठवत नव्हतं. रक्त तपासायची तारीख आली तेव्हा दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले, कपाळाला आठी घातली.

"हे कधीपासून? दुसरं काही घेताय का? काढा, चूर्ण, झाडपाला, ताकदीच्या गोळ्या, काहीही?"

"नाही," रंगारी म्हणाला. बादली घेऊन बाहेर येतानाचाच चेहरा.

"विसरायला वगैरे होतं का? चालताना तोल?"

"छे."

डॉक्टरीणबाई रंगारणीकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा. घरात तुम्हीच असता. काही घेतात का हे?"

रंगारणीच्या डोळ्यांसमोर हिरवी बाटली आली. ती फडताळात, मिठाच्या बरणीमागे होती, तिनेच ठेवली होती. तिला सांगायचं होतं. शपथेवर सांगायचं तर तिने तोंड उघडलं ते सांगण्यासाठीच.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना त्याने तिचा हात धरला. हे तो कधी करत नसे. तिला वाटलं, आपण त्याची अब्रू राखली. तिला बरंही वाटलं, आणि तेच आठवून पुढे ती रात्रंदिवस जळत राहिली.

यानंतर थोड्याच दिवसांनी वाळवणाच्या शेडमध्ये लडींचा भार उचलून उभा राहताना त्याचं डोकं लोखंडी आडव्या दांडीवर आपटलं. खोक पडली नाही. टेंगूळ आलं तेवढंच. "दांडी वाकली नाही ना ते बघ," तो लेकीला म्हणाला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी तो जेवताना भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसता बघत बसला. लेकीला त्याने आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पाय ओढत चालायला लागला. लेक म्हणाली, "आई, बाबांना दाखवून आणू या."

"विसरणं वाढलंय गं," रंगारीण म्हणाली. पोरीला बाटलीचं ठाऊक नव्हतं, आणि हिला डोक्यावरच्या टेंगळाचं महत्त्व वाटलं नव्हतं. तिने फडताळ उघडलं, दोन गोळ्या काढल्या, मग थांबून आणखी एक काढली, आणि त्याच्या जिभेवर स्वतःच्या हाताने ठेवल्या. पाणी पाजलं. तो लहान मुलासारखा गिळून मोकळा झाला.

दुपारी तो हौदाच्या कडेला बसल्या जागी कलंडला. लेकीने मागून धरलं म्हणून वाचला, नाहीतर उकळत्या पाण्यात गेला असता.

मोठ्या इस्पितळात कवटी उघडून साचलेलं रक्त काढलं. काचेच्या दाराबाहेर बाकावर रंगारीण आणि लेक. आता मात्र रंगारणीने पदरातली हिरवी बाटली काढून डॉक्टरांच्या हातात दिली. न विचारता दिली. लेक बघतच राहिली.

डॉक्टर वयस्क होते, दमलेले होते. त्यांनी बाटलीवरचं वाचलं आणि ती परत दिली नाही.

"या गोळ्यांनीच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले. "मार लागला होता, रक्त आधीच पातळ होतं. पण रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना ही घ्यायची नसते. हिनेही रक्त गोठायला वेळ लागू शकतो. आणि अशा बाटलीत लिहिल्याप्रमाणेच माल असतो याची खात्री कुणी द्यायची?"

"माझी नणंद घेते," रंगारीण कशीबशी म्हणाली. "तिला काही झालं नाही."

"नसेल झालं. पुष्कळांना काही होत नाही. कुणाकुणाला थोडं बरंही वाटतं. पण विसरणं थांबतं असा पक्का पुरावा, एवढा शोध घेऊनही, हाती लागलेला नाही." त्यांनी हातातले कागद उलटले. "मी वेगळंच विचारणार होतो. यांना हातापायाला मुंग्या यायच्या का? जेवण जात नव्हतं का?"

"हो."

"रक्तात बी-ट्वेल्व पार तळाला गेलंय. जीवनसत्त्व असतं ते. ते कमी झालं की माणूस विसरायला लागतो. कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर साधी इंजेक्शनं होती. बहुतेक सगळं परत आलं असतं."

ते त्यांच्या कामाला निघून गेले. त्यांनी दोष दिला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. रंगारीण बाकावर बसली ती तिथेच बसून राहिली.

"आई," लेक म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात बाईंनी विचारलं असणार ना?"

"विचारलं होतं."

"तुला?"

"मला पण."

लेकीने तोंड फिरवलं. रडली नाही, ओरडली नाही. नुसती उठून लांबच्या बाकावर जाऊन बसली. रंगारणीला वाटलं, तिने दोन शब्द लावले असते तर बरं झालं असतं.

रंगारी शुद्धीवर आला, पण उजवं अंग गेलं होतं आणि वाचा बंद. डोळे मात्र जागे होते. एकदा लेक खाटेजवळ बसली असताना त्याने डावा हात उचलला, बोटं चिमटीत धरली आणि चादरीवर काहीतरी टाकल्यासारखं केलं. पुन्हा केलं. मग तळवा पालथा घालून हलवला. मग पुन्हा चिमूट. लेक वाकली. "किती, बाबा? कशाची? सालीची का मुळाची?" त्याच्या घशातून घरघर आली. तो सांगत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो जीव तोडून सांगत होता आणि समोरच्या दोघींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. रंगारणीने ते पदराने टिपलं. पुढच्या आठवड्यात तो गेला.

नणंद आली ती दारातच कोसळली. "मी मारलं गं त्याला," म्हणून तिने हंबरडा फोडला. रंगारणीने तिला उठवून आत नेलं. त्या रडण्यातही तिला एकच वाटत होतं, की वन्संनी बाटली दिली खरी, पण डॉक्टरीणबाईंना विचारा असं मीच म्हणाले होते, आणि त्यांनी समोर बसून विचारलं तेव्हा गप्पही मीच बसले.

लेकीने मधल्या खोलीचं दार उघडलं. फळीवर डबे, बरण्या. एकावरही नाव नाही. वासावरून, जिभेला लावून, पाण्यात विरघळवून तिने एकेक ओळखून काढलं. मग छोट्या पातेल्यात प्रयोग सुरू झाले. एक लड विटकरी उतरली, एक तपकिरी. एक काळपट होऊन बसली. बोटांची कातडी सोलवटली तरी ती हटली नाही. शेवटी एक किरमिजी उतरला. तुरटीने रंग घट्ट बसला होता, दहा पाण्यांतही धुतला जाईना. रंगारणीने ती लड उजेडात धरली. रंग सुंदर होता. पण नवऱ्याचा नव्हता. त्यात किंचित जांभळी झाक होती.

तिने लड लेकीच्या हातात परत दिली. माल ठरलेला होता, गिऱ्हाईक दारात येऊन उभं होतं.

गालिचे विणणारा जुना माणूस. सोबत त्याने डागडुजीच्या गालिच्याचा तुकडा आणला होता. त्याने दु:ख व्यक्त केलं, खिडकीशी गेला, लड तुकड्यावर ठेवली. डोळे बारीक केले. लड उलटी करून पाहिली.

"हाच," तो म्हणाला. "अगदी हाच! मला धास्ती होती, की कुलूप गेलं, आता हा रंग कुठला मिळायचा. बरं झालं त्यांनी तुम्हाला सांगून ठेवलं. पुढच्या खेपेला दुप्पट सूत पाठवतो."

तो खुशीत निघून गेला. लेक आईकडे वळली. इस्पितळापासून ती आईशी कामापुरतंच बोलत असे.

"आई, तू इतकी वर्षं बाबांचं सूत धुतलंस. तू सांग. हा तोच आहे?"

"नाही," रंगारीण म्हणाली. "तो हा नव्हे. जांभळी झाक आहे."

"मग त्याला कसं कळलं नाही?"

रंगारीण हौदाच्या कठड्यावर बसली. नवरा गेल्यापासून ती त्याच्यासाठी रडली होती, स्वतःला शिव्याशाप देऊन झाले होते, नणंदेवरही मनातून चिडून झालं होतं. आज पहिल्यांदा तिला त्याचा राग आला. बाजाराला फरक कळला नसता. पोरीने वर्षभरात स्वतःचा रंग उभा केला असता आणि तो खुशाल दारात बसून विसरला असता; चष्मा विसरला असता, तुरटी विसरला असता, इंजेक्शनं घेऊन कदाचित बराही झाला असता.

"कुणालाच कळलं नसतं गं," ती लेकीला म्हणाली. "कधीच कुणाला कळलं नसतं."

लेक तिच्याजवळ येऊन बसली. पुढच्या लडी तुरटीच्या पाण्यात पडून होत्या, त्या काढायचं दोघींनाही सुचलं नाही.